डाव्या बॅकचा एकोणीस

आमच्या धंद्याची मला किळस येते, हे आधीच सांगून टाकतो. जिवंत माणसं घ्यायची, त्यांचे सत्तावीस तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकड्याला वीसपैकी मार्क द्यायचे, हा तो धंदा. कंपनी फुटबॉलचा गेम बनवते. देशातल्या दोन्ही डिव्हिजनचे संघ त्यात आहेत, खऱ्या नावांचे खरे खेळाडू आहेत, आणि ज्याला चपला घालायला वाकलं तरी धाप लागते असा कुणीही सोफ्यावर लोळत त्यांना नव्वद मिनिटं पळवू शकतो. मी तिथे टेस्टर आहे. गेम कुठे बिघडतो ते शोधायचं आणि यादीत लिहायचं. म्हणजे दुसऱ्याच्या चुका काढून पोट भरायचं. हे काम मला फार चांगलं जमतं.

झेंडेकाका आमच्याकडे आले तेव्हा त्रेपन्न वर्षांचे होते. त्यांचं आडनाव झेंडे नाही. बावीस वर्षं ते लाइन्समन होते, हातात झेंडा घेऊन मैदानाच्या कडेनं पळायचे, म्हणून झेंडेकाका. दोन्ही गुडघ्यांनी राम म्हटलं तेव्हा पळणं संपलं. त्याच सुमारास कंपनीला बचावाच्या जागांचे गुण ठरवायला माणूस हवा होता. फॉरवर्डचे गुण ठरवायला आमच्या ऑफिसात झुंबड असायची, गोल करणाऱ्याशी नातं सांगायला सगळेच पुढे. कडेचे दोन बॅक आणि मधले दोन स्टॉपर यांच्याकडे मात्र कुणी ढुंकून बघत नव्हतं. साहेब मुलाखतीत म्हणाले, "काका, डिफेन्सचं फार मनावर घेऊ नका. खेळणाऱ्यांना तो भाग बोअर होतो." काकांनी मनावर घेतलं.

लाइन्समन नव्वद मिनिटं कुणाबरोबर असतो, याचा आपण कधी विचार करत नाही. बॉलबरोबर नसतो. शेवटून दुसरा जो बचाववाला, त्याच्या रेषेत असतो. तो दोन पावलं पुढे आला की हा दोन पावलं पुढे, तो मागे पळाला की हा मागे. बावीस वर्षं काकांनी दुसरं काही बघितलंच नव्हतं. "मी आयुष्यात सहा-सात गोल नीट बघितले असतील," ते म्हणायचे, "पण कुठला स्टॉपर घाबरला की डावा हात पँटला पुसतो, ते सांगतो." यावर त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकू, शिलाईच्या मशीनवरून मान वर न करता म्हणायच्या, "आणि नाकावरचा चष्मा घरभर शोधतात." त्या कपडे दुरुस्त करून देतात. सायकलच्या दुकानावर त्यांच्या दोन खोल्या आहेत. लाइन्समनच्या लाल-पिवळ्या चौकटीच्या झेंड्याचं त्यांनी मशीनवर घालायचं झाकण शिवून टाकलंय.

आमच्याकडे गुण ठरवायची रीत अशी होती: चार पोरंसोरं व्हिडिओ लावून बसायची आणि मोजायची. किती टॅकल, किती पास, किती हेडर. ज्याचे टॅकल जास्त तो भारी. काकांनी पहिल्याच दिवशी ते कोष्टक बघितलं आणि नाक मुरडलं. "चांगला बॅक टॅकल करत नाही रे. त्याच्यावर ती वेळच येत नाही. जमिनीवर लोळण घेणारा जो आहे ना, तो आधी चुकलेला असतो." मग ते स्वतः मैदानांवर जायला लागले. पाठीला पिशवी, पिशवीत लांबट वही, एक पेन आणि एक शिसपेन्सिल. सामना सुरू झाला की बाकावर नेमके बचावाच्या रेषेत बसायचे, बचाव हलला की बाकावरून सरकायचे. शेजारच्या लोकांना वाटायचं म्हाताऱ्याला मुंग्या चावतायत.

ज्याची खात्री झाली ते ते पेननं लिहायचे. खात्री नसेल ते पेन्सिलीनं. आणि जे दिसलंच नाही, तिथे लिहायचे, 'पाहिलं नाही'. यावरून साहेबांचं डोकं फिरायचं.

"काका, कॉम्प्युटरला आकडा लागतो. रकाना रिकामा ठेवता येत नाही."

"रिकामा कुठं ठेवलाय? लिहिलंय की, पाहिलं नाही."

"अहो, मग अंदाजे दहा टाका ना!"

"साहेब, जे बघितलं नाही त्याला मी झेंडा वर केला नाही कधी. पुढच्या रविवारी परत जातो. दिसेल."

आणि खरंच परत जायचे. तीन-तीनदा जायचे. एखाद्या टुकार संघाच्या राखीव स्टॉपरची हवेतली उडी दिसावी म्हणून हा माणूस दोन बस बदलून जायचा. ऑफिसात त्यांची टिंगल व्हायची, आणि टिंगल करणाऱ्यांत मी नव्हतो असं नाही.

'हाक' हा रकाना काकांचा. ते आले तेव्हा आमच्याकडे सत्तावीस गुण होते. काकांचं म्हणणं, बचावाचा जीव पायात नसतो, गळ्यात असतो. 'मागे माणूस', 'सोड', 'पुढे निघ', 'माझा'. वेळेवर ओरडलेला एक शब्द म्हणजे न करावे लागलेले दहा टॅकल. चांगल्या हाकेचा बॅक असेल तर त्याच्या शेजारचा मठ्ठ स्टॉपरसुद्धा शहाणा दिसतो. साहेब म्हणाले, स्क्रीनवर हाक दिसत नाही, दिसत नाही ते विकत नाही. आठ महिने काकांनी पिच्छा पुरवला तेव्हा कुठे अठ्ठाविसावा रकाना मिळाला, अगदी शेवटी, जिथपर्यंत कुणी स्क्रीन सरकवत नाही तिथे.

त्याच्या शेजारचा रकाना 'घोटाळा'. बाकी सगळ्यांत वीस म्हणजे उत्तम, याच्यात उलटं. खेळाडू ऐनवेळी किती माती खाईल, त्याचं माप. दोन असेल तर माणूस दगडासारखा भरवशाचा, एकोणीस असेल तर आपल्याच गोलात बॉल घालणारा. हा रकाना खेळणाऱ्यांना दिसत नाही, आतल्या आत काम करतो. निदान करायला हवा. गेम बाहेर पडायच्या आठवड्यात माझ्या लक्षात आलं की तो काहीच करत नाहीये. कुणाचाही घोटाळा कितीही असो, बचाववाले चुकतच नव्हते. प्रोग्रामवाल्यांनी दुरुस्ती केली. आता ती लागू पडली की नाही, हे तपासायचं होतं.

मी काकांकडे गेलो. "काका, एक बचाववाला द्या. त्याचा घोटाळा एकोणीस करतो आणि दहा सामने चालवतो."

काकांना ते आवडलं नाही. खोटा आकडा त्यांना पेन्सिलीनंसुद्धा लिहवत नव्हता. थोडा वेळ वही चाळून म्हणाले, "मग हा घे." दुसऱ्या डिव्हिजनमधल्या एका लहान क्लबचा डावा बॅक होता. घोटाळा दोन, पेननं. हाक अठरा, तीही पेननं. सहाशे बचाववाल्यांच्या वहीत इतका भरवशाचा माणूस दुसरा नव्हता.

"हाच का?" मी विचारलं.

"कारण हा चुकणारच नाही. हा चुकला तर समजायचं तुझ्या आकड्यानं चुकला, ह्याच्यामुळे नाही."

मला ते पटलं. आजही पटतं, टेस्टर म्हणून. मी दोनाचे एकोणीस केले आणि सामने चालवले. तिसऱ्याच मिनिटाला डाव्यानं शांतपणे मागे वळून आपल्याच गोलात बॉल ढकलला. सगळं ऑफिस टाळ्या वाजवायला लागलं. दुरुस्ती लागू पडली होती.

काम संपलं की बदललेला आकडा पहिल्यासारखा करायचा असतो. त्यासाठी माझ्या यादीत एक ओळ होती: 'चाचणीसाठी बदललेले आकडे पूर्ववत केले.' पुढे चौकोन. अशा सतरा ओळी, सतरा चौकोन. शुक्रवारची दुपार होती. बाहेर केक कापला जात होता आणि साहेब फोटोसाठी सगळ्यांना ओरडून बोलावत होते. मी रकान्याच्या डोक्यापासून खालपर्यंत माऊस ओढला आणि सतराही चौकोनांत एकदम टीक केली. त्या फोटोत मी पहिल्या रांगेत आहे, माझ्या मिशीला क्रीम लागलंय. त्या यादीच्या जोरावर, एकही काम बाकी न ठेवल्याबद्दल, पुढच्या महिन्यात मला चाचणीप्रमुख केलं.

गेम बाजारात आला आणि पंधरा दिवसांत देशभर एकच माणूस प्रसिद्ध झाला. तो डावा बॅक. तो गोलकीपरच्या डोक्यावरून आपल्याच जाळ्यात हेडर मारायचा. समोरच्या फॉरवर्डला व्यवस्थित पास द्यायचा. पेनल्टीच्या चौकटीत बॉलवर पाय देऊन बसकण मारायचा. लोक त्याच्या व्हिडिओचे तुकडे कापून एकमेकांना पाठवू लागले. कुणा रिकामटेकड्यानं गेमच्या फायली उघडल्या, आतला रकाना शोधला आणि आकडा जाहीर केला. झालं. त्याच्या पाठीवर तीन नंबर होता, पण लोक त्याला एकोणीस म्हणायला लागले. खऱ्या मैदानावर, खऱ्या सामन्यात, त्याच्या पायाशी बॉल आला की प्रेक्षक सुरात 'ए-को-णीस' ओरडायचे. बाप आपल्या पोरांना खांद्यावर घेऊन ओरडायचे. आमच्या कंपनीनं दर सोमवारी 'आठवड्याचा घोटाळा' नावाचा व्हिडिओ काढायला सुरुवात केली आणि एकोणीस छापलेले टी-शर्ट वाटले. एक मलाही मिळाला, माझ्या मापाचा.

काका व्हिडिओ वगैरे बघत नसत. त्यांना कळलं ते पत्रावरून. डाव्या बॅकनं स्वतः कंपनीला लिहिलं होतं, साधं, अर्ध्या पानाचं. 'आपण दिलेल्या गुणांबद्दल माझी तक्रार नाही. मी गेल्या मोसमात नेमक्या कोणत्या चुका केल्या ते कळवू शकाल का, म्हणजे मला सुधारता येतील.' ऑफिसात ते पत्र हातोहात फिरलं, लोक पोट धरून हसले. फिरत फिरत ते बचावाच्या टेबलावर गेलं. काकांनी वाचलं, वही काढली, त्याचं पान उघडलं, आणि मग स्क्रीनवर तोच खेळाडू उघडला. मी पलीकडच्या खुर्चीवरून बघत होतो. त्यांनी एक बोट वहीतल्या दोनावर ठेवलं, दुसरं स्क्रीनवरच्या एकोणिसावर.

मग माझ्याकडे आले. आवाज खाली होता. "टेस्टर, तो आकडा परत दोन केला होतास ना तू?"

"यादीत टीक आहे, काका," मी म्हणालो.

हे खोटं नव्हतं. टीक होतीच.

काका डाव्याला भेटून आले. क्लबच्या सरावाच्या मैदानावर, गोलच्या मागे दोघं बोलले. डाव्यानं त्यांना ओळखलं, "तुम्ही आमच्या बाजूच्या लाइनला असायचा ना?" काकांनी त्याला सरळ सांगितलं की तू काहीच चुकलेला नाहीस, तो आकडा चाचणीचा होता, काढायचा राहून गेला. तो म्हणाला, "काका, मला माहितीये हो. पण आमचे कोच तुमच्या कंपनीची गुणांची यादी बघूनच पुढच्या मोसमाला कुणाला ठेवायचं ते ठरवतात. शेवटच्या सामन्याला पाच आठवडे आहेत. कंपनीनं एवढं एक लिहून दिलं की आकडा चुकीचा आहे, तर मी ते दाखवीन." बस. त्याला दुसरं काही नको होतं. एका ओळीचं पत्र, पाच आठवड्यांच्या आत.

साहेबांच्या केबिनमध्ये काका गेले तेव्हा चाचणीप्रमुख म्हणून मलाही बोलावलं होतं. काचेची केबिन, उघडत नाही अशी खिडकी, कुणीतरी गरम करून खाल्लेल्या जेवणाचा वास. साहेब माझ्याहून सहा वर्षांनी लहान आहेत. पाय टेबलावर ठेवून बोलतात.

"काका, बसा. काय ते डाव्याचं?"

"आकडा चुकलाय. दोनाचा एकोणीस झालाय. दुरुस्त करा आणि क्लबला तसं पत्र द्या."

"दुरुस्त? अहो, आख्ख्या गेममध्ये लोकांना तोच एक आवडतोय! आणि कुणाला माहीत होता तो आधी? फेमस केला आपण त्याला."

"चोर सोडून संन्याशाला फाशी चाललीये, साहेब. त्याचं पोट आहे त्याच्यावर."

साहेबांनी पाय खाली घेतले. त्यांनी माझी यादी उघडली आणि स्क्रीन आमच्याकडे वळवली. "हे बघा. बदललेले आकडे पूर्ववत केले. टीक आहे. म्हणजे चाचणीनंतर जो राहिला तो मूळ आकडा. एकोणीस हाच मूळ."

"माझ्या वहीत दोन आहे. पेननं."

"वहीत काय, कुणी काहीही लिहील. यादी ही यादी." मग माझ्याकडे बघून, "बरोबर ना?"

काकांनीही माझ्याकडे बघितलं. त्या क्षणी मी एवढंच म्हणायचं होतं की साहेब, मी सतरा टिका एकदम मारल्या, बाहेर केक होता. एक वाक्य. माझ्या घरी अंथरुणाला खिळलेली आई नव्हती, लग्नाची बहीण नव्हती, सांगण्यासारखं एकही कारण नव्हतं. नवीन खुर्ची होती आणि दारावर पाटी होती. मी मूग गिळून बसलो.

बाहेर आल्यावर वाटलं, आता काका मला झोडपणार. नुसतं बोट जरी दाखवलं असतं ना, मी कबूल झालो असतो, असं मी स्वतःला सांगतो. त्यांनी फक्त विचारलं, "तू टीक केलीस तेव्हा मी तिथे होतो का रे?"

"नाही, काका. तुम्ही केकपाशी होता."

"मग मी बघितलं नाही," ते म्हणाले आणि आपल्या टेबलाकडे गेले. त्यांनी साहेबांकडे माझं नाव घेतलं नाही, कधीच नाही. जे बघितलं नाही त्याला झेंडा नाही, हा नियम त्या शहाण्या माणसानं माझ्यासारख्यालाही लावला. मला सुटल्यासारखं वाटलं. त्या सुटल्यासारखं वाटण्याची मला आजही शिसारी येते.

पुढचे चार आठवडे काकांनी वरच्या साहेबांना लिहिलं, त्यांच्या वरच्यांना लिहिलं. सगळीकडून एकच उत्तर, यादीची प्रत जोडून. आणि तिकडे मैदानावर डावा खरंच चुकायला लागला. व्हायचंच ते. पायाशी बॉल आला की चार हजार माणसं हसायला तयार बसलेली, कुणाचा पाय स्थिर राहील? व्हिडिओ मोजणाऱ्यांनी चार सामन्यांत पाच चुका मोजल्या. साहेब खूश. "बघा काका, तुमची वही खोटी ठरली. आपला डेटा खरा निघाला." एखाद्याला जिन्यावरून ढकलायचं आणि मग म्हणायचं, बघा, हा पडतो, मी म्हटलंच होतं! मी ते ऐकलं आणि हसलो. साहेब हसले की हसायची सवय लागलेली असते.

शेवटच्या सामन्याच्या दिवशी सकाळी काका माझ्या घरी आले. "चल. मॅचला."

आम्ही दुपारच्या उन्हात लाकडी बाकांवर बसलो, अर्थात बचावाच्या रेषेत. काका वही उघडून डाव्याकडे बघत होते. मी बॉलकडे बघत होतो, तेवढंच सोपं होतं. अर्ध्या तासानं त्यांनी विचारलं, "ऐकू येतंय काही?"

"एकोणीस ओरडतायत."

"ते नव्हे. तो ओरडत नाहीये."

मग मी बघितलं. डाव्याचा चेहरा घट्ट मिटलेला होता. शेजारचा स्टॉपर दोनदा भलत्याच माणसाच्या मागे गेला, डाव्याला ते दिसत होतं, त्याचं तोंड उघडायचं आणि परत मिटायचं. त्यानं तोंड उघडलं की लोक खिदळायचे, म्हणून त्यानं बोलणंच सोडलं होतं. त्या दिवशी तो एकदाही चुकला नाही, पण संघ दोन गोलांनी हरला, दोन्ही त्या स्टॉपरच्या बाजूनं. काकांनी वहीत काहीतरी लिहिलं. त्यांचे डोळे भरले होते आणि ते त्यांनी लपवले नाहीत.

सामना संपल्यावर काका मला घेऊन कोचपाशी गेले. कपडे बदलायच्या खोलीबाहेर अरुंद व्हरांडा होता, ओल्या मोज्यांचा वास, भिंतीला टेकवलेले जुन्या गोलचे खांब. कोचच्या हातात क्लिप लावलेला कागद होता. मी तो लांबूनच ओळखला. आमचे अठ्ठावीस रकाने, आमच्याच रंगात. दुसऱ्या डिव्हिजनची माहिती दुसरं कोण ठेवतं? डाव्याच्या ओळीवर लाल रेघ होती. तो स्वतः सहा फुटांवर बाकावर बसून बुटाच्या नाड्या सोडत होता.

"साहेब, तो आकडा चुकीचा आहे," काका म्हणाले.

कोच भला माणूस दिसत होता, दमलेला. "काका, मलाही शंका होती. म्हणून मी स्वतः कंपनीला विचारलं. हे बघा उत्तर. ही यादी, ही टीक, खाली चाचणीप्रमुखाचं नाव. आता मी काय करू?"

"चाचणीप्रमुख हेच आहेत," काका म्हणाले. त्यांनी मला पुढे केलं नाही, नुसते बाजूला झाले.

कोचचा चेहरा उजळला. "अरे वा! मग तुम्हीच सांगा की. आकडा बरोबर आहे का चूक? तुम्ही नाही म्हणालात तर मी आत्ता ही रेघ खोडतो."

नाड्या सोडणारे हात थांबले. कोचनं खिशातून पेन काढलं होतं, टोपण उघडून धरलं होतं. मला 'चूक' एवढा शब्द म्हणायचा होता.

"रेकॉर्डनुसार तरी बरोबर आहे," मी म्हणालो.

माझाच आवाज होता, स्वच्छ, ऑफिसचा. कोचनं पेन मिटलं. डावा उठला, आमच्याजवळ आला आणि माझ्याशी हात मिळवला. "थँक यू, साहेब. निदान कुणीतरी समोर येऊन सांगितलं." त्याचा हात थंड आणि ओला होता. मी माझा हात पँटला पुसला.

 सोमवारी काकांनी राजीनामा दिला. डाव्याला क्लबनं सोडलं. क्लबनं सोडल्यामुळे त्याची ओळच आमच्या गेममधून गळाली, एकोणिसासकट, आणि साहेब म्हणाले, "चला, तोही प्रश्न सुटला." पुढच्या खेपेला 'हाक' हा रकानाही काढून टाकला, कुणी वापरत नाही म्हणून. आता परत सत्तावीस गुण आहेत. बचावाचं टेबल व्हिडिओ मोजणाऱ्यांना दिलंय.

दोन महिन्यांनी मी काकांच्या घरी गेलो. का गेलो ते विचारू नका, खाई त्याला खवखवे. काका नव्हते. काकू मशीनवर होत्या, पायाशी कुणाच्या तरी पँटी पडल्या होत्या.

"बस डेपोच्या संघाची मॅच बघायला गेलेत," त्या म्हणाल्या. "तुमचा तो डावा आता त्यांच्याकडून खेळतो. डेपोत गाड्या धुतो आणि रविवारी खेळतो. तिथं कुणी हसत नाही म्हणतात." त्यांनी मला बस म्हटलं नाही. मशीनचं ते लाल-पिवळं झाकण उचललं, खालून लांबट वही काढली आणि माझ्यापुढे धरली. "तू येशील म्हणून ठेवून गेलेत. शेवटचं पान तुझं आहे म्हणाले. वाच आणि इथंच ठेव, वही त्यांना लागते."

मी उभ्या उभ्या पान उघडलं. वर तारीख होती, शेवटच्या सामन्याची. खाली माझं नाव, आणि अठ्ठावीस रकाने, बचाववाल्यांना असतात तसेच. वेग आणि उडीपुढे काकांनी 'लागू नाही' लिहिलं होतं. नजर अठरा, पेननं. अंदाज सतरा, पेननं. धीर तीन, पेननं. अगदी शेवटी 'हाक'. तिथे लिहिलं होतं, 'पाहिली नाही'.

तेवढं पेन्सिलीनं होतं.

"वाचलंस?" काकूंनी विचारलं.

"हो."

"मग? ते म्हणाले, कधी खोडायचं ते तू सांगशील."

मी वही त्यांच्या हातात दिली, जिना उतरलो आणि सायकलच्या दुकानापुढून चालत घरी आलो. कोचचा नंबर माझ्याकडे आहे, साहेबांची केबिन माझ्या खुर्चीपासून अकरा पावलांवर आहे. त्या गोष्टीला आता चार महिने झाले. मी अजून चाचणीप्रमुख आहे.